ड्रममधली रेती

दिवाळीनंतर पिकपचे ब्रेक लायनर पहिल्यांदा बदलले तेव्हा आनंदीला त्यात काही विशेष वाटलं नाही. गाडी जुनीच घेतलेली. पहाटे मालवणच्या बंदरावर मासळीचे क्रेट भरायचे, कणकवलीच्या बाजारात उतरवायचे आणि दुपारच्या आत आचऱ्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या आपल्या वाडीत परत यायचं, हा तिचा रोजचा नेम. मधे चढउतार, वळणं, वाटेत बसलेली गुरं. ब्रेक झिजायचेच. बाबली मेस्त्रीने नवे लायनर घातले, हात पुसले आणि म्हणाला, "वयनी, आता वरीसभर बघूक नको."

संक्रांत आली आणि पेडल बदललं.

आधी ते बोटभर खाली जाऊन घट्ट लागायचं. आता अर्ध्यावर जाऊ लागलं, आणि तिथेही घट्ट नाही. भिजलेल्या पावावर पाय दिल्यासारखं. एखाद्या सकाळी मात्र पहिले दोन-चार ब्रेक करकरत लागायचे, दगडावर कोयती घासावी तसे. मग आवाज जायचा आणि परत तोच भिजका पाव. बाबलीने ड्रम खोलले. दोन महिन्यांपूर्वी घातलेले लायनर पत्र्यापर्यंत आले होते.

"मासळीच्या खाऱ्या पाण्यान लायनर जाता, मान्य," तो मान खाजवत म्हणाला, "पण दोन महिन्यात नाय जाणा." पुढे आणखी काहीतरी बोलणार होता, पण नवे लायनर काढायला आत गेला.

आनंदीने घरी येऊन हे भाईंना सांगितलं. भाई म्हणजे तिचे थोरले दीर. नवरा मंगेश मुंबईत कंपनीत, त्यामुळे इथे काही अडलं की विचारायचं ते भाईंनाच. तिच्या घराकडे जाणारी पाणंद दोन दगडी गडग्यांमधून जाते, तिच्यात पिकप शिरत नाही, म्हणून गाडी भाईंच्या घरापुढच्या खळ्यात उभी राहायची आणि चावी त्यांच्या पडवीतल्या खिळ्याला. देवळाच्या खुर्च्या आणायच्या, भजनाचं सामान न्यायचं, अशा कामाला संध्याकाळी भाई गाडी मागत, चालवायला त्यांचा ड्रायव्हर असे. आनंदीने कधी नाही म्हटलं नाही. रोज पहाटे गाडी घ्यायला गेलं की मागचा हौदा धुतलेला असायचा. जाऊ, यशोदा, झाडू मारून पाणी ओतून ठेवायची. मासळीच्या गाडीला कोण हात लावतं? आनंदीला त्या एका गोष्टीचं फार कौतुक होतं.

भाई बँकेतून रिटायर झालेले, घरामागे होमस्टेचं बांधकाम काढलेलं, बोलायला गोड. लायनरचं ऐकून ते हसले.

"बायलमाणसांची सवयच ती गो. ब्रेकार पाय ठेवनच गाडी चालवतत. लायनर जळतले नाय तर काय?"

आनंदी अडतिसाव्या वर्षी गाडी शिकली होती. बंदरावर चार वर्षं पुरुषांची बोलणी खाऊन आता कुठे कोणी बोलायचं थांबलं होतं. पण भाईंचं बोलणं तिला लागलं आणि खरंही वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ती चपला काढून अनवाणी गाडी चालवू लागली, पाय पेडलवर नकळत टेकतो का ते कळावं म्हणून. उतारावर ती स्वतःच्या उजव्या पायाकडे चोरासारखी बघायची. पाय टेकत नव्हता. तरी शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात पेडल पुन्हा खाली जायला लागलं, आणि आनंदीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

त्या मंगळवारी तिच्या शेजारी सुभद्रा बसली होती. साठी उलटलेली, कणकवलीच्या बाजारात मासे विकणारी, रोजची सोबतीण. कसालच्या अलीकडे लांब उतार आहे. खाली एसटी माणसं घ्यायला थांबली होती. आनंदीने ब्रेकवर पाय दिला आणि पेडल सरळ तळाला टेकलं.

तिने पाय उचलून पुन्हा दाबलं. पुन्हा. तिसऱ्यांदा थोडं काही लागलं, पण गाडी ओझ्याने पुढेच जात होती. तिने गियर खाली ओढला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक खेचला. एसटीच्या मागच्या काचेत एक शाळकरी मुलगी तिच्याकडे तोंड करून बसलेली तिला दिसली. मग तिने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि पिकप चिऱ्यांच्या गडग्याला घासत, दगड उडवत, काजूच्या बुंध्याशी जाऊन थांबली.

सुभद्राचा हात डॅशबोर्डवर आपटून मनगटातून वाकडा झाला होता. मागचे क्रेट उलटले होते. रस्ताभर बर्फ आणि बांगडे. आनंदी सुभद्राला धरून बाहेर आली तेव्हा तीन मोटरसायकली आणि एक कार थांबलेली होती. तिला वाटलं, आली माणसं. माणसं खाली वाकून बांगडे पिशवीत भरत होती. कारमधल्या बाईने डिकीतून बादली काढली. एकाने आनंदीकडे बघून विचारलं, "ताजे आसत मा?"

सुभद्रा मोडका हात छातीशी धरून रस्त्यावर बसली होती. "खावा रे खावा," ती ओरडली, "काटो अडकांदे तुमच्या गळ्यात!" तेव्हा कुठे एसटीचा कंडक्टर उतरून धावत आला आणि त्याने दोघींना बसमध्ये घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुभद्राच्या हाताला प्लास्टर घालून झाल्यावर आनंदी बाबलीच्या गॅरेजवर गेली. ट्रॅक्टरने ओढून आणलेली पिकप तिथे जॅकवर चढवलेली होती. मागचं चाक निघालेलं. बाबलीने ड्रमवर हातोडीचे चार ठोके दिले, तो खेचून काढला आणि जमिनीवर उपडा केला.

आतून काळा-करडा चिखल पडला. चहाची बशी भरेल इतका. बाबलीने तो बोटांनी पसरला. जाड, धारदार रेती, आणि तिच्यात नखाएवढे पांढरे शिंपले.

"हात लावन बघा, वयनी. ही बंदरावरची नाय. बंदरावरची बारीक, पिवळी. ही खाडयेची. हे खुबे बघा."

आनंदी उकिडवी बसली. रेती बोटांत घेतली. वाडीतली पोरं ओहोटीला खुबे काढायला जातात त्याच चिखलाचा वास.

"खाडयेची रेती ड्रमात कशी इली?"

बाबली चाकाच्या जागी बसला आणि एकेक दाखवत गेला. ओहोटीला गाडी मागून पाण्यात घालतात, होडीतली रेती फावड्याने थेट हौद्यात टाकतात. एक्सल बुडतो. ड्रममध्ये खारं पाणी शिरतं, त्याबरोबर रेती. मग प्रत्येक ब्रेकला रेती लायनरला खाते, ड्रमलाही खाते. ड्रमच्या आतल्या पत्र्यावर पडलेल्या खोल रेघांवरून त्याने नख फिरवलं. खाऱ्या पाण्याने सिलेंडर गंजतो, ऑइल गळतं, म्हणून पेडल खाली जातं. एक्सलच्या वर बोटभर गंजाची सरळ रेघ होती, भरतीच्या खुणेसारखी.

"आणि हे स्प्रिंगचे पाटे. दोन तुटले. मासळीन पाटो तुटाचो नाय. दुप्पट वजन घातल्यानी हत."

"हा तू माका आदी कित्याक सांगूक नाय? संक्रांतीक ड्रम खोललस तेवा रेती होतीच ना?"

बाबलीने हातातला पाना खाली ठेवला. "होती. थोडी. माका वाटला, तुमका म्हायत आसा. गाडी तुमची. सगळ्यांका तसाच वाटता."

सगळ्यांना. आनंदी उठली. तिला एकदम गेले दोन महिने आठवायला लागले. खाडी बचाव समितीच्या अर्जावर सह्या घ्यायला ती वाडीतल्या घराघरांत गेली होती. रेतीच्या उपशाने काठ ढासळत होता, खालच्या अंगाचे नऊ माड मुळांसकट खाडीत गेले होते, दोन विहिरी खारट झाल्या होत्या. समितीचे अध्यक्ष भाई. देवळाच्या अंगणातल्या मांडावर माइकसमोर ते बोलले तेव्हा त्यांचा गळा दाटून आला होता, आणि आनंदीने पदराने डोळे पुसले होते. सह्या देताना काही बायका तिच्याकडे जरा विचित्र बघत होत्या. एकीने तर सही करता करता तोंड वाकडं केलं होतं. आनंदीला वाटलं होतं, हाताला मासळीचा वास येतोय म्हणून.

ती गॅरेजच्या मागे गेली, नळाखाली हात धुतले. परत धुतले. रेती नखांत बसली होती.

भाई जेवत होते. यशोदा वाढत होती. आनंदीला दारात बघून भाईंनी डाव्या हाताने पाट दाखवला. "ये गो, बस. बांगड्याचो तिखलो केल्यान यशोदान. सुभद्राचा कसा आसा?"

आनंदी बसली नाही. "भाईनू, माझी गाडी खाडयेत कित्याक घातलात?"

भाईंनी घास घेतला, चावला. चेहऱ्यावर काही हललं नाही. "कोणी सांगल्यान? बाबल्यान?"

"ड्रमान सांगल्यान. बशीभर रेती आसा आत."

"अगो, चार फेरये मारल्यान आमच्या ड्रायव्हरान. होमस्टेचो स्लॅब काय वाऱ्यान भरूचो?"

"आणि समिती?"

"समिती ती डंपरवाल्यांसाठी. भायरसून येवन खाडी लुटतत ते. आपण आपल्या खाडयेतली चार घमेली घेतली तर खाडी काय मरता?" त्यांनी बांगड्याचं डोकं फोडलं आणि आतलं चोखायला लागले. तिखल्याचा लाल रस मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. आनंदीला तिकडे बघवेना आणि नजरही काढता येईना.

"चार घमेल्यांनी दोन पाटे तुटले?"

भाई चोखत राहिले.

"सुभद्राचो हात मोडलो, भाईनू. खाली एसटी उभी होती. माणसांनी भरलेली."

"वायट झाला. देवाकडे गाऱ्हाणा घालूया तिच्यासाठी. पण तू पण जरा बेतान चालवक व्हया होता."

"तुमी माका सांगत होतात, मी ब्रेकार पाय ठेवतंय म्हणान. मी चपला काढून गाडी चालवली. माका वाटला, माझोच पाय वायट."

भाई हसले. तिला अजून ते हसू आठवतं, दातांत अडकलेल्या मासळीसकट. "मगे काय सांगूचा होता तुका?" त्यांनी हात झटकला. "आणि इतक्या रागान कित्या बोलतंस? दिवाळयेक न्हाणी बांधलंस मा? रेती मी दिलंय, उरलेली म्हणान. खंयची ती, इचारलंस तेवा? नाय इचारलंस. आणि ही यशोदा रोज पाट्टे उठान हौदो धुता, तुका कण दिसाक नको म्हणान. घरच्यांनी इतकी काळजी घेतली आणि तू..."

आनंदीने यशोदाकडे पाहिलं. यशोदा हातात डाव धरून भिंतीकडे बघत होती. डावातला रस जमिनीवर ठिबकत होता, तिचं लक्ष नव्हतं.

घरी येऊन आनंदीने मंगेशला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता.

"भाईक काय बोला नको तू," मंगेश म्हणाला. "तेणा माका इचारलेल्यान. मी म्हटलंय, ने. आपलो भाव तो."

"तुका म्हायत होता?"

"तुका सांगला असता तर तू गावभर केलंस असता."

तिने फोन ठेवला. अंग चिकट झालं होतं. कालचा बर्फ, मासळी, दवाखाना, गॅरेज, सगळं अंगावर. ती टॉवेल घेऊन न्हाणीत गेली. चार महिन्यांपूर्वीची नवी न्हाणी, गुळगुळीत घोटलेली जमीन, जिचं तिला इतकं अप्रूप होतं की सुरुवातीला ती चप्पल घालून आत जायची नाही. ती उंबऱ्यावरच उभी राहिली. पाय आत टाकवेना. विचारलं नव्हतं, हे खरं होतं. कुठून आणली, एवढे चार शब्द तोंडातून निघाले नव्हते, कारण फुकट मिळत होती. भाईंची किळस आली होती, मंगेशची आली होती, यशोदाच्या त्या पाणी ओतणाऱ्या हातांची आली होती. आता ती तिच्या स्वतःच्या अंगाला चिकटली. तिने विहिरीवर जाऊन, भर दुपारी, अंगावरच्या लुगड्यासकट कळशीमागून कळशी ओतून घेतली.

दोन दिवसांनी ती तालुक्याच्या कचेरीत गेली. नायब तहसीलदार दीपिका मॅडम वयाने तिच्याहून बऱ्याच लहान. आनंदीने लिहून आणलेला कागद पुढे ठेवला. रेती कुठून निघते, कोणत्या घाटावर गाडी लागते, कोणाच्या घरामागे ढीग आहे. आणि गाडीचा नंबर.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "हे वाहन कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"ताई, तुम्हाला कल्पना आहे का? हा अर्ज मी घेतला तर पहिली जप्ती तुमच्या गाडीची होईल. ती कधी सुटेल, मी सांगू शकत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "नंबर न लिहिता अर्ज द्या. निनावी दिलात तरी चालेल."

"निनावी दिला तर सगळे म्हणतील, भाईंच्या वाईटावर असलेल्या कोणीतरी दिला. गाडी माझी आहे, तिच्यात रेती भरली गेली, हे मी स्वतः सांगितलं तर कोणाला खोटं म्हणता येणार नाही." आनंदीने कागदाकडे बोट केलं. "आणि माझ्या न्हाणीत पण तीच रेती आहे. ते पण लिहिलंय खाली. वाचलंत ना?"

मॅडमनी कागद उलटून पाहिला. मग शिक्का पुढे ओढला. "गाडी कुठे आहे?"

"गॅरेजवर. चार दिवस द्या. ब्रेक होऊ देत. ब्रेक नसलेली गाडी मी कोणाच्या हातात देणार नाही."

बाबलीने चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. नवे ड्रम, नवे सिलेंडर, नवे पाटे. पाइपातलं जुनं ऑइल काढलं ते चहासारखं तपकिरी झालेलं. आनंदी आत बसून पेडल दाबायची, तो खाली झोपून हवा काढायचा. "दाबा. धरा. सोडा." संध्याकाळपर्यंत पेडल दगडासारखं झालं. बाबलीने मजुरी घ्यायला नकार दिला. आनंदीने ती त्याच्या डब्यात टाकली, कारण त्याचं ऋण तिला नको होतं. तोही गप्प राहिलेल्यांपैकीच एक.

पिकप तिने स्वतः चालवत कचेरीच्या आवारात नेली. तिथे आंब्याखाली आधीच दोन डंपर आणि एक ट्रॅक्टर उभे होते, टायर बसलेले, हौद्यात गवत उगवलेलं. शिपायाने चावीला चिठ्ठी बांधली.

त्यानंतर भाईंच्या घरामागचे तीन ढीग पंचनाम्यात आले. स्लॅबचं काम थांबलं. खाडीतल्या रेतीच्या होड्या काही आठवडे तरी दिसेनाशा झाल्या. मंगेश सुट्टी घेऊन आला, दोन दिवस भाईंकडे जेवला आणि आनंदीशी न बोलता परत गेला. पाणंदीत समोरून यशोदा आली की ती गडग्याला चिकटून उभी राहायची, आनंदी जाईपर्यंत. एकदा तिने "आनंदी" म्हणून हाक मारली. आनंदी थांबली, पण यशोदाला पुढे काही बोलता आलं नाही, आणि आनंदीनेही तिला मदत केली नाही.

वाडीतल्या बायकांपैकी दोघी-तिघी येऊन गेल्या. एकीने, जिचे तीन माड खाडीत गेले होते, फणसाची भाजी आणली आणि म्हणाली, "आमका तुझोच संशय होतो गो." आनंदीने भाजी घेतली. राग आला नाही. इतके दिवस ती बाई आपल्याशी हसून बोलत होती, एवढंच तिच्या मनात आलं.

एप्रिलमध्ये भाईंनी प्रकृतीचं कारण देऊन समितीचा राजीनामा दिला. देवळाच्या मांडावर त्यांचा निरोपसमारंभ झाला. आनंदी गेली नाही, पण लाऊडस्पीकर वाडीभर ऐकू येत होता. ती आणि सुभद्रा मागच्या अंगणात उद्याच्यासाठी टोपल्या धूत बसल्या होत्या. सुभद्राचं प्लास्टर निघालं होतं. मनगट थोडं वाकडंच जुळलं होतं, बोटं पूर्ण मिटत नव्हती. माइकवर कोणीतरी भाईंच्या निःस्वार्थ सेवेबद्दल बोललं. मग शाल, श्रीफळ. टाळ्या. मग भाईंचा आवाज, तसाच दाटलेला: खाडी ही आपली आई आहे.

सुभद्राने हातातली टोपली ठेवली. बाजूला तोंड करून ती सणसणीत थुंकली.

"टाळये कोण वाजवतत ते बघून येवया?" तिने विचारलं.

"नको. सगळेच वाजवतत." आनंदीने टोपलीवर पाणी मारलं. पिकप गेल्यापासून त्या दोघी मासळी एसटीने नेत होत्या. रोज कंडक्टरशी वासावरून भांडण, रोज मागच्या सीटखाली टोपल्या. माल निम्म्यावर आला होता. "उद्या पाचची गाडी. साडेचारक स्टँडार उभी रव. कालच्यासारखो उशीर करू नको."

"माका कोण उशीर म्हणता!" सुभद्रा म्हणाली आणि वाकड्या हाताने दुसरी टोपली पुढे ओढली.